निळ्या पक्ष्याचा सोनेरी डोळा

आई, निळ्या पक्ष्यांचा तो मोठा वाडगा गेल्या आठवड्यात मी पुन्हा हातात घेतला. तुला जाऊन बावीस वर्षं झाली, आणि वाडगा तुझ्या शोरूममधून बाहेर पडला त्याला त्याहून दहा जास्त. मस्कतमधल्या बौशरच्या ज्या ओमानी आजींनी तो तुझ्याकडून घेतला होता, त्यांची नात आता निझव्याच्या त्यांच्या जुन्या घरात घरातल्याच वस्तूंचं लहानसं संग्रहालय मांडतेय. कॉफीच्या सुरया, पेटारे, खंजीर, आणि एक अख्खी भिंत इंग्लंडहून आलेल्या बशांची. तुझं नाव तिला आजीकडून ऐकून पाठ होतं. तुझ्या शोरूमच्या अर्बाबच्या, म्हणजे मालकाच्या, मुलाला गाठून, विचारत विचारत, ती सोहारला आमच्या टाइल्सच्या कारखान्यात थेट माझ्या लॅबमध्ये येऊन उभी राहिली. टॉवेलात गुंडाळलेला वाडगा तिने टेबलावर ठेवला आणि म्हणाली, प्रत्येक वस्तूखाली चार ओळी लावायच्यात, याच्या तुम्ही लिहून द्या. मग बोट फिरवत तिने कडेचे पक्षी मोजले. अकरांना सोनेरी डोळा आहे, बाराव्याला नाही. "आजी सांगायची की दुकानातल्या बाईंच्या हातून पुसताना तो निघाला. तसंच लिहायचं ना, मॅडम?" मी म्हटलं, बघते. माझं 'बघते' म्हणजे टाळणं, हे तुला माहीत आहे. गुरुवारी मजकूर छापायला जाणार आहे, आज मंगळवार, आणि तो डोळा तुझ्या हातून निघाला नव्हता हे सांगू शकणारी मी एकटीच उरले आहे.

म्हणून जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून हे लिहायला बसलेय. डब्यात भेंडी आहे. तुझ्यासारखी कुरकुरीत अजूनही होत नाही, पण तो विषय वेगळा.

तुझं शोरूम माझ्या डोळ्यांसमोर अजून लख्ख उभं राहतं. दारातून आत गेलं की एसीचा गार झोत, कार्डबोर्डचा वास, आणि काचेच्या कपाटांमधून तू, गुलाबी नाहीतर मोतिया साडीत, चपलांचा आवाज होऊ न देता चालणारी. गिऱ्हाईक बशीची नक्षी बघायला लागलं की तू ती बशी हळूच पालथी करायचीस. "आधी पाठ बघा," म्हणायचीस, "तोंड सगळ्यांचंच छान असतं." पाठीवर कारखान्याचा शिक्का, आणि शिक्क्याशेजारी कुणाच्या लक्षात न येणारी एक बारीक खूण. कधी दोन टिंबं, कधी आडवी रेघ. पक्षी कागदावरून छापतात, पण त्याचा डोळा मात्र एक बाई हाताने काढते आणि ही त्या बाईची खूण, हे तू इतक्या आदराने सांगायचीस की गिऱ्हाईक बशी दोन्ही हातांनी धरायचं. तू इंग्लंडला कधी गेली नाहीस. चिपळूणहून मुंबई आणि मुंबईहून मस्कत, एवढंच तुझं जग. पण त्या कारखान्याचा इतिहास तू आपल्या माहेरचा असल्यासारखा सांगायचीस. कालव्याकाठचं गाव, लोण्यासाठी तपकिरी मडकी घडवणारा एक माणूस, मग त्याच्या मुलाने आणलेला निळा रंग. बाटलीच्या आकाराच्या उंच भट्ट्या, त्यांच्या धुराने काळे पडलेले दोरीवरचे कपडे. उत्तरेच्या खिडक्यांपाशी रांगेत बसलेल्या, एका बैठकीत नव्वद नव्वद पक्ष्यांना डोळे देणाऱ्या बाया. महायुद्धाच्या काळात तिकडच्या लोकांना नक्षीच्या बशा विकायलाच बंदी होती, घरी सगळ्यांनी साध्या पांढऱ्या बशांत जेवायचं आणि नक्षी बोटीने बाहेरच्या देशांत जायची, हे तू सांगितलंस तेव्हा त्या ओमानी आजी कपाटापाशी थबकल्या होत्या. त्यांच्या आईच्या भिंतीवर अशीच निळ्या पक्ष्यांची बशी होती, ती कुठून आली असेल हे त्यांना पहिल्यांदाच कळलं.

हे सगळं तू इंग्लंडहून येणाऱ्या माहितीपुस्तिकांतून वाचायचीस, डिक्शनरी मांडीवर घेऊन. मी तेव्हा नववीत, सगळ्यावर शंका घेण्याच्या वयात. शाळेत इंग्रजीत फाडफाड बोलायचे आणि घरी तुझ्या मराठीला नाकं मुरडायचे, हे आठवलं की आजही कानशिलं तापतात. मला तुझ्या गोष्टी म्हणजे सेल्सची बडबड वाटायची. सगळ्यात जास्त राग यायचा तो तुझ्या एका वाक्याचा. "रंग झिलईच्या खाली आहे, शंभर वर्षं घासा, जाणार नाही." तू हे दिवसातून वीसदा म्हणायचीस, अगदी छातीठोकपणे.

मग तो कारखाना दुसऱ्या मोठ्या कंपनीने घेतला आणि थोड्या दिवसांत बंदच केला. ते पत्र आलं त्या दिवशी तू जेवली नाहीस. बाबा म्हणाले, "अगं, तुझा पगार तर चालू आहे ना?" तर तू म्हणालीस, "त्या बायांचं काय झालं असेल हो?" शेवटच्या खोक्यांत निळ्या पक्ष्यांचा एकच मोठा वाडगा आला. आजींनी तो मुलीच्या लग्नासाठी लगेच सांगून ठेवला. त्या आपल्या बौशरच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहायच्या, म्हणून तू तो गुरुवारी संध्याकाळी घरी आणलास. शुक्रवारी नीट बांधून स्वतः नेऊन देणार होतीस. स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलास, वर स्वच्छ पंचा टाकलास आणि खाली दूध आणायला गेलीस.

मी टेबलावर भूमिती करत होते. मी पंचा काढला. आधी निळ्या पंखावर नखाने घासलं, मग कर्कटकाच्या टोकाने. काही झालं नाही. झिलईवर साधा ओरखडाही नाही. तुझं वाक्य खरं निघतंय याचाच मला राग आला, आई, म्हणून मी टोक सोनेरी डोळ्यावर ठेवलं. दोनदा खरवडलं आणि डोळा गेला. कर्कटकाच्या टोकाला सोन्याची धूळ लागली आणि पक्ष्याच्या तोंडावर एक पांढरा ठिपका राहिला.

तू आलीस तेव्हा माझ्या हातात ओलं फडकं होतं. "पुसताना निघाला," मी म्हटलं. तू वाडगा खिडकीपाशी नेलास. बराच वेळ बघत राहिलीस. मला वाटलं, आता एक थोबाडीत बसणार. ती बसली नाही म्हणून माझी भीड चेपली आणि मी शहाणपणा शिकवला. "आई, तू एवढ्या गोष्टी सांगतेस, आणखी एक सांग ना. त्या कारखान्यात एका पक्ष्याचा डोळा मुद्दाम ठेवत नाहीत, दृष्ट लागू नये म्हणून. त्यांना कुठे कळणारेय?" तू वाडगा खाली ठेवलास. आवाज जरासुद्धा चढवला नाहीस. "त्या गोष्टी मी सांगते," म्हणालीस, "कारण त्या खऱ्या आहेत. नाहीतर मी कोण गं? कपाटं पुसणारी बाई." मग पोळ्या लाटायला वळलीस. इतकं लागलेलं बोलणं मला नंतर कुणाचंच आठवत नाही, आणि तू तर मला नाही, स्वतःलाच बोलली होतीस.

शुक्रवारी तू मला बरोबर घेतलंस. त्यांच्या मजलिसमध्ये, पाहुण्यांच्या खोलीत, आपण भिंतीला टेकून बसलो, समोर खजूर आणि कॉफी. तू वाडग्याभोवतीचं कापड सोडलंस, तो पक्षी त्यांच्याकडे वळवलास आणि सरळ म्हणालीस, "अम्मा, ये मेरे हाथ से हुआ. पोंछने में निकल गया. दूसरा पीस नहीं है, कारखाना खलास हो गया. आप को नहीं चाहिए तो मैं अर्बाब को बोलूँगी, मेरी गलती है." मी खजुराची बी तोंडात घोळवत राहिले. एक शब्द बोलायचा होता. तो मी बोलले नाही. आजींनी वाडगा डोळ्यांजवळ नेला, पालथा केला, खुणेवर अंगठा फिरवला. तूच त्यांना ती सवय लावली होतीस. मग हसल्या. "मेरा भी एक आँख में मोतिया है," म्हणाल्या. "ये मेरे घर का चिड़िया है. छोड़ो, बेटी. कॉफी पियो, यल्ला." परत येताना तू रस्त्यात डोळे पुसलेस आणि मला म्हणालीस, धूळ आहे.

सोमवारपासून तुझं वाक्य बदललं. "निळा रंग झिलईच्या खाली आहे, तो जाणार नाही. सोनं वरचं आहे, ते जपायचं." पुस्तिका चार वेळा चाळून तू ते शोधून काढलं होतंस. आज मी माझ्या हाताखालच्या पोरांना हेच शिकवते. निळा भाजलेल्या मातीवर, त्यावर झिलई, आणि सोनं सगळ्यात शेवटी, कमी आचेच्या तिसऱ्या भाजणीत, म्हणून ते नाजूक. पोरं विचारतात, मॅडम, या लाइनला कशा आलात? मी सांगते, रसायनशास्त्राची आवड होती. आवड नव्हती गं. त्या पांढऱ्या ठिपक्याकडे बघून, असं का झालं, हे मला जाणून घ्यायचं होतं. माझी नोकरी, सोहारचं हे घर, माझा सगळा मान, त्या टेबलावरून आला आहे. तू मला ओरडली असतीस तर मी तो प्रश्न तिथेच सोडून दिला असता. हे तुझे उपकार मी तुझ्या तोंडावर कधीच कबूल केले नाहीत.

दहावीला तू मला घड्याळ देशील असं वाटलं होतं. तू भिंग दिलंस, शोरूममध्ये खुणा बघायला वापरायचीस ते, पितळी कडीचं. आताही ते समोर आहे. गेल्या आठवड्यात वाडगा आला तेव्हा मी ह्याच भिंगाने बघितलं, तर त्या पांढऱ्या ठिपक्यात दोन बारीक रेघा दिसल्या, शेजारी शेजारी, सरळ. फडक्याने अशा रेघा उमटत नाहीत. आणि तेव्हा, इतक्या वर्षांनी, मला भिंग देतानाचं तुझं वाक्य पुन्हा ऐकू आलं. पेढा माझ्या तोंडात घालत तू म्हणाली होतीस, "हे घे. शंका आली की याने बघ. खरवडायचं नाही."

मी तुला पुसताना म्हणून सांगितलं होतं, आई. खरवडल्याचं मी कधी बोललेच नव्हते. म्हणजे खिडकीपाशी उभी होतीस तेव्हाच तुला कळलं होतं. तरी त्या मजलिसमध्ये, खऱ्याशिवाय काही न बोलणारी तू, आयुष्यातलं एकच खोटं बोललीस, आणि मी शेजारी बसून खजूर खात होते.

आत्ता चार ओळी लिहून काढल्या आणि पाठवून दिल्या. गाव, कालवा, निळा रंग, भट्टी. डोळे काढणाऱ्या बाईची खूण, दोन टिंबं, पाठीवर शाबूत. मग शेवटची ओळ: बाराव्या पक्ष्याचा डोळा निघाला तो विक्रेत्या बाईंच्या हातून नव्हे, त्यांनी दोष स्वतःवर घेतला, तो कर्कटकाने खरवडला होता. नातीला फोन करूनही सगळं सांगितलं. ती म्हणाली, आजीला हे फार आवडलं असतं.

हा कागद मी घडी करून भिंगाच्या डबीत ठेवणार आहे, दुसरीकडे कुठे पाठवणार? फक्त एक तुला सांगायचं राहिलं. त्या ओळीत कुणी खरवडला, तिथे मी 'माझ्या हातून' असं लिहिलं होतं. पाठवताना ते खोडलं आणि 'एका शाळकरी मुलीने' असं केलं.