जाहिरातीपुरत्या बांगड्या

चिंचवड, ३ फेब्रुवारी ५५
वसंता सकाळीच दापोडीहून सायकलवर. मावसभाऊ असल्यामुळे चहा न विचारता, दोनदा. त्याच्या कंदिलाच्या कारखान्याची (पत्र्याची शेड, पण कारखाना म्हणायचं) जाहिरात आता सिनेमाच्या तंबूत हवी. खेड्यांत विजेचे खांब पोचण्याआधी कंदील पोचले पाहिजेत, हे त्याचं अर्थशास्त्र. काचेची स्लाइड स्वस्त, पण ती लागली की लोक विडी ओढायला बाहेर पडतात. म्हणून फिल्मच. कोणाकडून करावी, हे मला विचारतो. मी वार्ताहर, जन्मभर दुसऱ्यांच्या उद्घाटनांची वर्णनं लिहिली. तज्ज्ञच की.
कंदिलाचं नाव माझं, संस्कृतातून काढलेलं: ‘निवात’. जिथे वारा शिरत नाही ते. दुकानदार ‘निवांत’ म्हणून विकतात. अनुस्वार फुकट.

८ फेब्रु.
व.बरोबर पुण्यात दोन फिल्मवाले पाहिले. पहिल्याकडे मुंबईची नटी, रंगवलेलं स्वयंपाकघर, आणि कंदिलात विजेचा दिवा! व. भाळला. दुसरे गुप्ते. महाग, तुसडे. त्यांची साबणाची जुनी फिल्म पाहिली. धुणाऱ्या बाईचे हात खरोखर दमलेले दिसले. मी म्हटलं, हेच.
“अण्णा, पण हा माणूस हसतच नाही हो.”
“हसायचं कॅमेऱ्यापुढच्याने.”
गुप्ते ठरले. माझ्या शब्दावर.

१५ फेब्रु.
गुप्ते शेड पाहून गेले. सगळा वेळ लक्ष दुर्गीकडे. माझी धाकटी बहीण. विसाव्या वर्षी नवरा गेला, तेव्हापासून माझ्याकडे, आणि गेली काही वर्षं व.च्या शेडमध्ये कामाला. तयार कंदील दारातल्या वाऱ्यात धरायचा आणि ज्योत हलते का बघायची.
“नटी नको. या बाई हव्यात,” गुप्ते म्हणाले.
व.ने माझ्याकडे पाहिलं, मी पत्र्याकडे. शेवटी शेडमधला गणपत मिस्त्री बोलला, “साहेब, दिव्यामागं सवाशीण लागती. गिऱ्हाईक न्हाई घ्यायचं.”
“मग नुसते हात घेतो.”
हातांवरूनच तर आधी कळतं. रिकामी मनगटं.
दु. ज्योत बघत राहिली. आम्ही तिच्यादेखत बोलत होतो, हे आत्ता लिहिताना...

१६ फेब्रु.
दु.ला विचारलं. वाटलं, नाही म्हणेल, माझी सुटका.
म्हणाली, “कुंकू नाही लावणार. चेहराही नको. बांगड्या भरते.”
पोळी उलटली. मग, “हिरव्या.”

२१ फेब्रु.
कासार शेडमध्येच बोलावला. दु.ने रीतीप्रमाणे त्याला नमस्कार केला, त्याने रीतीप्रमाणे सौभाग्याचा आशीर्वाद दिला. त्याला काय ठाऊक. आम्हाला होतं. कोणी वर पाहिलं नाही.
दिवसभर चित्रण. दाराशी वारा, ज्योत स्थिर, हात स्थिर. गुप्ते एकदाच बोलले, “मिळालं.”
आवराआवर चालली असता व. जमिनीकडे बघत म्हणाला, “ताई, आता त्या... वाढव.”
बांगडी फोड म्हणायचं नाही, वाढव म्हणायचं. पानात भात वाढतात तोच धातू. आपली भाषा फार भिडस्त.
“एकदा वाढवल्या वसंता. पुन्हा नाही.”
कंदील खुंटीला लावून ती निघालीसुद्धा.

२६ फेब्रु.
बांगड्या हातातच. शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या, दु.चे हात पाहिले, वाटी तशीच घेऊन परत.
आज बायको म्हणाली: “तुम्ही बोला वन्संशी.”
“काय बोलू?”
“मला काय विचारता? संस्कृत तुम्ही शिकलात.”

४ मार्च
पुण्यात फिल्म पाहिली. हात सुंदर आले आहेत. वार्ताहराला याहून विशेषण सुचलं नाही.
बाहेर आल्यावर व. म्हणाला, “फिल्म उत्तम. पण अण्णा, हात कोणाचे ते सगळ्यांना कळलंय. ताईने बांगड्या उतरवल्या तर चित्रणापुरतं होतं म्हणता येईल. नाहीतर मला नटीकडे जावं लागेल. आणि ताईला शेडमध्ये ठेवणंही... लोक कंदील अपशकुनी म्हणायला लागले तर? सांगा ना तिला.”
मी “बघतो” म्हटलं.
तिला घराबाहेर शेडशिवाय दुसरं दार नाही. हे व.ला बोललो नाही. तिला तरी काय सांगू, उतरव म्हणून?

९ मार्च
चाकणच्या बाजारात तंबू लागलाय. व.चा निरोप: आज एक खेळ लावून बघतो, लोक काय म्हणतात त्यावर ठरवू. फिल्मचं, आणि ताईचंही.
दु.ला तसंच सांगितलं. वाटलं, घरी बसेल. आत गेली आणि इरकली नेसून आली. विटकी, पण रंगीत.
“अण्णा, बायकांच्या बाजूला तुम्हाला बसू देणार नाहीत. मी एकटी बसेन.”
“लोकांनी हात ओळखले तर?”
“ओळखू देत की. माझेच आहेत.”
मोटार यायची वेळ झाली. ती फाटकाशी उभी आहे. मला चप्पल सापडत नाही. खरं तर शोधतच नाही, हे लिहीत बसलोय. तिने दुसरी हाक मारली.