वत्सलाबाईंनी उडी मारली नाही

पंचवटी, नाशिक
९ फेब्रुवारी १९३७

चि. गोरक्षास सिंधुअक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि. कळवणची मोटार गल्लीत शिरली की भोंग्यावरूनच कळते, आमचे बंधुराज आले!

परवा शेजारच्या वत्सलाबाई गंगेवरून अंघोळ करून सोवळ्यात येत होत्या. कडेच्या घाणीचा विटाळ नको म्हणून त्या नेहमी रस्त्याच्या मधून चालतात. तू अगदी पाठीशी येऊन भोंगा दाबलास आणि बाईंनी थेट गटारात उडी मारली. बिचारीला पुन्हा गंगेवर जावे लागले. आम्ही बाया हसून हसून दमलो. पण बाबा, जरा हळू चालवत जा.

आईला नमस्कार. बहिणीवर लोभ आहेच, तो राहू दे.

तुझी अक्का


कळवण
३ मार्च १९३७

ती. सिंधुअक्कास गोरक्षचा सा. न. वि. वि. काल जामिनावर सुटून घरी आलो. आईने अन्न टाकले आहे.

अक्का, वत्सलाबाई माझ्या मोटारीखाली गेल्या खऱ्या, पण मी तीनदा भोंगा वाजवला होता. त्या दर वेळी उडी मारतात, म्हणून वेग कमी केला नाही. ब्रेकवर पाय गेला तोवर उशीर झाला होता. हे फक्त तुला सांगतो.

सोमवारी, पंधरा तारखेला, तुझी साक्ष आहे. तू ओट्यावरून पाहिलेस. मोटार हळू होती, बाई अचानक आडव्या आल्या, एवढेच सांग. मला तुरुंगात धाडून त्यांना आता काय मिळणार?

धाकट्या भावावर माया असू दे.

गोरक्ष


पंचवटी, नाशिक
८ मार्च १९३७

चि. गोरक्षास आशीर्वाद. पत्र दोनदा वाचले. पहिल्यांदा रडू आले, दुसऱ्यांदा तुझी चीड आली.

अपघाताच्या आदल्या दिवशी वत्सलाबाई मला म्हणाल्या होत्या की आता मी उडी मारायची नाही, रस्ता काही मोटारवाल्यांना आंदण दिलेला नाही. वर म्हणाल्या, तुझाच भाऊ ना तो, माणूस समोर दिसल्यावर थांबेल. मी ते हसण्यावारी नेले, तुला कळवले नाही. तो दोष माझा आणि तो मी कोर्टात सांगणार आहे.

भोंगा तीनदा वाजला, हे सांगेन. मोटारीचा वेग जराही कमी झाला नाही, हेही सांगेन. आईला माझे तोंड पाहायचे नसेल तर माहेर तुटले असे समजेन.

सोमवारी दिंडोरी नाक्यावर उतर आणि पुढे पायी ये. रस्त्याच्या मधून चाल. मागून भोंगा वाजला की पाठीत काय होते, ते एकदा तुला कळू दे.

लोभ अजून आहे, म्हणून इतके लिहिले.

अक्का