सलग मजकूर

सोमवार

आले एकदाची! वरची खोली मिळाली. खिडकी आहे, कॉम्प्युटरही चक्क चालतो.

काम सोपं आहे. घरातले निवृत्त मास्तर अंथरुणाला खिळलेत. त्यांनी आठवणी सांगितल्या आणि त्यांच्या धाकट्या बहिणीनं, ताईंनी, त्या टाईप केल्या. पण मास्तर जिथं दम खायला थांबले, तिथं ताईंनी एन्टर मारलाय. दोन-तीन शब्द झाले की ओळ तुटते. त्या ओळी जोडून मजकूर सलग करायचा, बस्स.

ही रोजनिशीही इथंच टाईप करतेय. मलाही दम घ्यायला एन्टर मारायची खोड आहे, तेव्हा ताईंना नावं ठेवायला मी कोण?

मंगळवार

पहिलं प्रकरण हातानंच जोडलं, एकेक ओळ करत. ताईंनी विचारलं, सगळं एकदम जोडता येतं का? मी मोठ्या तोऱ्यात ‘शोधा-बदला’ वापरून सगळे एन्टर एका झटक्यात काढून दाखवले आणि लगेच पूर्ववत केले. तेवढ्यात खाली केवढी धावपळ! मास्तरांना ठसका लागला होता.

संध्याकाळी त्यांना भेटून आले. माणूस गोड आहे. थांबत थांबत माझी चौकशी केली.

बुधवार

ओळ जोडली की खाली मास्तरांचा श्वास अडकतो.

मनाचे खेळ म्हणून तीच ओळ परत तोडली. खाली लांब श्वास आला. जोडली, घरघर. तोडली, श्वास.

जोडलेलं सगळं तोडून ठेवलं. दुपारी मास्तरांनी स्वतःहून चहा मागितला.

गुरुवार

ताईंना सांगितलं. वाटलं, वेड्यात काढतील. त्या हसल्यासुद्धा नाहीत. म्हणाल्या, “मला ठाऊक आहे. किती वर्षं उशाशी बसू मी? मोकळा होऊ दे गं त्याला.”

मी साफ नाही म्हटलं. भीती वाटतेय. पण मी निघून गेले तर मास्तरांकडे कोण बघणार?

शुक्रवार

आंघोळ करून आले तर ताई माझ्या खुर्चीत. म्हणाल्या, झालं, सगळं एकदम जोडलं, जतन केलं, बंद केलं.

धावत खाली गेले. मास्तर उशीला टेकून मजेत —

जिना चढताना मलाच धाप —

दोन फाईली उघड्या होत्या. ताईंनी भलतीच —

ही. माझी. सोमवारपासून सगळी सलग. बंद केलेली फाईल, पूर्ववत होत नाही.

वरून तोडत आणतेय. एक एन्टर, एक श्वास.

इथवर आले —

ताई दाराशी. चूक कळलीय त्यांना. कडी लावलीय मी —

म्हणतात घाबरू नकोस तुझी मी तोडून देते आधी ऊठ आधी त्याची फाईल उघडू दे आणि उठले तर मास्तर आणि नाही उठले तर बोटं वळत नाहीत एन्टर कुठं गेला दिसत नाही एकच ओळ फक्त एक मला श्वा