पिंपाला दोन वळसे

तीर्थस्वरूप दादा,

धाकट्या मामेभावाचा गुडघे टेकून नमस्कार. (टेकले आहेत खरे, उठायला मात्र कुणाला तरी हाक मारावी लागेल.) तुमची साखर ताब्यात असेल, वहिनींची कंबर त्यांना वाकू देत असेल आणि नातीला पुढचे दात आले असतील, अशी आशा करतो. इकडे सगळे ठीक. एक मी सोडून, आणि मीसुद्धा बसलेला असेन तोवर ठीकच असतो.

गेल्या रविवारी पहाटे साडेचारला उठून मी पहिलं काम काय केलं असेल, तर इस्त्री तापवली. त्या दिवशी नऊ वर्षांनी मी शर्यतीत उतरणार होतो. तुम्हाला कळवलं नाही, कारण कळवलं असतं तर तुम्ही आला असता. (रागावू नका, शेवटपर्यंत वाचा.) छातीवर लावायचा कागदी नंबर पिशवीत चुरगळला होता, आणि चुरगळलेली वस्तू अंगावर घालून चारचौघांत जाणं शिंप्याला शोभत नाही. नंबराच्या मागच्या बाजूला एक फुगीर पट्टी चिकटवलेली होती. शेजारी बारीक अक्षरांत काहीतरी छापलं होतं, पण चष्मा दुकानात राहिला होता. मी पट्टी बोटांनी चाचपली आणि मनाशी म्हटलं, वा, लोक सुधारले. नंबर ताठ राहावा म्हणून हल्ली आतून बकरम लावतात. कॉलरला आपण लावतो तसं. आता बकरम म्हटलं की ओलं फडकं ठेवून वरून कडक इस्त्री दाबायची. हे काम माझे हात तीस वर्षं करत आलेत, त्यांनी मला विचारलंसुद्धा नाही. थोडा वास आला. नव्या बकरमाला येतो.

बाकी लोक नंबर चार पिनांनी अडकवतात. चांगल्या कापडाला भोकं पाडून वर मिरवायचं, हे मला बघवत नाही. मी मशीनवर चारही बाजूंनी दुहेरी टीप मारली. बनियन जुनाच होता, दोन्ही कुशींना खिशाच्या कापडाच्या पट्ट्या जोडून सैल केलेला. (कापड आटलं, असं मी हिला सांगितलं. हिनं माझ्या पोटाकडे पाहिलं आणि कापडाची बाजू घेतली.) मग दारात उभी राहून म्हणाली, "नंबर असा बसलाय की शर्यत संपली तरी निघायचा नाही. तुमचं तेवढं सांगता येत नाही." देवापुढे दिवा लावला, हात जोडले, मान खालीच ठेवली आणि निघालो.

सुरुवातीच्या रेषेपाशी हजारभर माणसं उभी होती. शेजारच्या मुलीनं माझ्या गळ्याकडे बघून विचारलं, "काका, मेडल आधीच मिळालं?" हात लावून पाहिला, तर गळ्यात मोजायची टेप. घरातून निघताना चपला विसरेन, पण टेप विसरत नाही. ती काढून ठेवायला जागा नव्हती, तशीच राहू दिली. आणि बरंच झालं, कारण दुसऱ्या किलोमीटरला उजव्या बुटाचा तळ पुढून सुटला आणि प्रत्येक पावलाला टाळी वाजवू लागला. नऊ वर्षं माळ्यावर पडलेल्या बुटाचा गोंद तरी किती दिवस वाट बघणार? मी कडेला बसून टेपेचे चार वेढे दिले, वर घट्ट गाठ मारली आणि उठलो. पुढचे आठ किलोमीटर मी इंच इंच धावलो, असं हिचं म्हणणं.

तुम्ही विचाराल, गुडघ्याचं काय? गुडघ्यानं एकदाही तक्रार केली नाही. दर वर्षी तुम्ही न चुकता तेलाची बाटली पाठवत आलात, त्याचा हा गुण. दम मात्र लागला. चौथ्या किलोमीटरला एक आजोबा माझ्याशी गप्पा मारत पुढे निघून गेले. वाक्य त्यांनी पुढच्या वळणावर पूर्ण केलं.

रस्ता तोच होता, दादा. पाण्याच्या टाकीपर्यंत सरळ जायचं, तिथे रस्त्याच्या मधोमध ठेवलेल्या लाल पिंपाला वळसा घालून परत यायचं. पिंपाजवळ शिट्टी घेतलेल्या एक बाई खुर्चीवर बसल्या होत्या. मी वळसा घातला. मग थांबलो, आणि पिंपावर हात ठेवून आणखी एक पूर्ण वळसा घातला. बाईंनी शिट्टी वाजवली. "अहो काका, एकच पुरे! देऊळ नाही ते!" मी म्हटलं, "एक जुना राहिलाय." त्यांनी कपातलं पाणी माझ्या डोक्यावर ओतलं. ऊन लागलं असं त्यांना वाटलं असावं.

माझ्या घड्याळाप्रमाणे एक तास चार मिनिटांत मी पोचलो. पूर्वी याला अठ्ठेचाळीस मिनिटं लागायची, पण तेव्हा बनियनला पट्ट्या नव्हत्या. वेळेचा कागद घ्यायला टेबलाशी गेलो, तर कॉम्प्युटरवरच्या मुलीनं तीनदा नंबर दाबून पाहिला. "काका, तुम्ही धावलाच नाहीत. सुरुवातसुद्धा केलेली नाही." मी म्हटलं, "मग हा घाम कुणाचा?" तिनं माझा नंबर उलटा करून बघायचा प्रयत्न केला, पण दुहेरी टीप. शेवटी गळ्यातून हात घालून तिनं पट्टी चाचपली आणि विचारलं, "ही कुणी भाजली?" वेळ त्या पट्टीत मोजली जाते म्हणे. मी सगळं खरं सांगितलं. तिनं शेजारच्याला बोलावलं आणि मला पुन्हा एकदा सांगायला लावलं.

यादी लागली आहे. माझ्या नंबरापुढे 'सुरुवात केली नाही' असं छापलंय. हिनं ते चारदा वाचून दाखवलं. मला वाईट वाटलं नाही. का, ते खाली लिहितो.

वहिनींना नमस्कार, नातीला आशीर्वाद.

तुमचा,
धाकटा

ता. क. माझ्या गुडघ्याला कधीच काही झालं नव्हतं. तेलाच्या नऊ बाटल्यांपैकी सात तशाच बंद आहेत. एक दाराच्या बिजागरीला लागली, एक हिच्या खांद्याला. दोघांनाही गुण आला.

ता. क. दुसरा. नऊ वर्षांपूर्वीच्या त्या शर्यतीत पिंप दीडशे पावलांवर असताना माझी लेस सुटली. बांधून उठलो तो परत येणाऱ्या घोळक्यात होतो. पाय त्यांच्याबरोबर निघाले. मी त्यांना परत बोलावलं नाही. चाळिशीच्या गटात मी तिसरा आलो आणि तुम्ही अकरा सेकंदांनी चौथे. दमलेले असूनही तुम्ही मला खांद्यावर घेतलंत आणि भेटेल त्याला सांगत सुटलात, हा माझा मामेभाऊ. त्या खांद्यावरून मी अजून उतरलेलो नाही, म्हणून पुन्हा तुमच्याबरोबर धावायची हिंमत झाली नाही. तेव्हा अर्धवट धावलो तर कप मिळाला. आता एक वळसा जास्त धावलो तर कागदावर मी नाहीच. वरच्याचं माप चुकत नाही, दादा. पुढची शर्यत तीन महिन्यांनी आहे. तुम्ही याल का? नाही आलात तरी मी समजेन. आलात तर मी लेस बांधायला वाकलो की माझ्यावर नजर ठेवा.

ता. क. तिसरा. कप इतकी वर्षं कपाटावर भिंतीकडे तोंड करून होता. त्यावर नाव नाही, नुसतं 'तिसरा क्रमांक' एवढंच, त्यामुळे खाडाखोड करावी लागली नाही. या पत्रानं मन बदलायच्या आत, म्हणजे आज सकाळी, अस्तराच्या कापडात गुंडाळून, चारही बाजूंनी दुहेरी टीप मारून तो तुमच्या पत्त्यावर पाठवून आलो. पोस्टाच्या खिडकीतल्या बाईंनी विचारलं, आत काय आहे? म्हटलं, ज्याची वस्तू त्याला चाललीय.