दुकान ते शाळा, पाय न टेकवता

अप्पा,

आज तुमची नात पहिलीत गेली आणि तुम्हाला सांगितल्याशिवाय मला राहवत नाहीये. दुपारची वेळ आहे, बाजारात सामसूम आहे, आई आत जरा आडवी झालीय. मी दुकानात तुमच्या जागेवर बसलेय, पुड्या बांधायचा एक कागद ओढून घेतलाय आणि लिहितेय. मघाशी एका बाईंनी साखर मागितली तर मी मीठ मोजून दिलं, एवढं माझं लक्ष ठिकाणावर आहे!

आपल्या घरची रीत तुम्हाला काय सांगायची. लेकरू पहिल्यांदा शाळेला निघालं की दुकानाच्या उंबऱ्यावरून आजोबांनी त्याला खांद्यावर घ्यायचं आणि थेट वर्गाच्या दारात उतरवायचं. वाटेत पाय टेकला तर शिक्षण मध्येच तुटतं म्हणे. रीत फक्त पोरांसाठी होती. आत्याला कुणी उचललं नाही, ती आपली चालत गेली, आणि चौथीनंतर तिला घरी बसवलं. माझ्या वेळी आजोबा म्हणाले, "पोरीला कावून खांद्यावर? जाईल की चालत." तेव्हा तुम्ही त्यांच्यासमोर आवाज चढवलात, आयुष्यात एकदाच, असं आई सांगते. "माझी बहीण चालत गेलती. काय झालं ते बघितलं म्या. हिला न्हाई चालू देणार." आणि आजोबांच्या जागी तुम्हीच मला उचललंत.

तो दिवस मला अजून दिसतो. मी तुमच्या खांद्यावर आहे, कपाळावर विभूतीचे पट्टे, दोन्ही मुठींत तुमची पांढरी टोपी. चौसाळ्याचा सगळा बाजार माझ्या खाली आहे आणि मला वाटतंय, तो माझाच आहे. समोरचे कापडवाले हाक मारतात, "अप्पा, कुठं निघाला हा माल?" तुम्ही म्हणता, "शाळंत. परत येईल तवा भाव वाढलेला असंल." सगळे हसतात आणि मीही हसते, कळत काही नसतं. मग वर्गाचं दार येतं आणि माझं हसू पळतं. मी टोपी सोडत नाही. तुम्ही मला खाली ठेवता आणि चक्क रागावता, "सोड बरं! मला दुकान हाय, तुला शाळा हाय." मी रडते, पण टोपी काही सोडत नाही. शेवटी तुम्ही तशीच टोपी माझ्या डोक्यावर घालता आणि बोडक्या डोक्यानं भर बाजारातून परत जाता. ज्या माणसाला आम्ही जेवतानासुद्धा टोपीशिवाय बघितलं नव्हतं! मी दिवसभर ती घालून बसले. बाईंनी काढायला सांगितली नाही.

मी पुढं शिकले, बीडला कॉलेजात गेले, बी.कॉम. झाले, आणि आता तुमचं दुकान चालवते. हे खांद्यामुळं झालं की तुमच्या हट्टामुळं, ते मला माहीत नाही. पण आपल्या लेकीच्या वेळी मला जोखीम घ्यायची नव्हती.

प्रश्न होता खांद्याचा. तुम्ही आता नाही. जावई तुमचे भले माणूस, पण ते म्हणाले, "मोटारसायकलवर नेतो की. तिथं तरी पाय कुठं टेकतेत?" आई तडकलीच, "गाडीवर का रीत होती का?" मग मी म्हटलं, मी नेते. आईनं डोक्याला हात लावला. "बाईमाणूस लेकराला खांद्यावर घेऊन बाजारातून? लोक काय म्हणतेल?" मी म्हटलं, काय म्हणायचं ते म्हणू द्या. ती उठून देवघरातून विभूतीचा गोळा घेऊन आली. नातीला लावली आणि मलाही लावली. म्हणाली, "नीट धर. मधी टेकवू नको, बघ. तुझ्या आत्याचं झालं तसं नको व्हायला."

अप्पा, काय मजा आली! लेक लई जड झालीय, पण निघताना मला काही वाटलं नाही. मागून दप्तर आणि पाण्याची बाटली घेऊन हे, लाजत लाजत. कापडवाल्यांचा मुलगा आता दुकानात बसतो, त्यानं मोबाईल काढून फोटोच घेतला. भाजीवाल्या मावशी ओरडल्या, "अगं बाई, शेटाणी निघाली का मिरवणुकीला?" आणि लेक वरून सगळ्यांना हात करतेय, पुढारी असल्यासारखी. शाळेच्या दाराला पताका, फुगे, ढोलकी. आता तिथं नव्या पोरांचं पाऊल घेतात, कुंकवाच्या पाण्यात पाय बुडवून पांढऱ्या कागदावर. बाई म्हणाल्या, "हे तिचं शाळेतलं पहिलं पाऊल." मग लेकीनं माझ्याकडं वळूनही बघितलं नाही. तडक आत जाऊन बसली आणि शेजारच्या पोरीशी बोलायला लागली. रडू मलाच आलं.

तो कागद मी घरी आणला. आईनं त्याला हळदकुंकू वाहिलं, देवापाशी ठेवला, डोळे पुसले. म्हणाली, "पाय कुठं टेकला न्हाई ना?" मी म्हटलं, नाही.

हे पत्र कुठं पाठवायचं नाहीये, म्हणून तुम्हाला खरं सांगते. पिठाच्या गिरणीसमोर शेळीचं एक करडू बांधलं होतं. ते दिसलं आणि लेक माझ्या खांद्यावरून सरसर उतरली, माझ्या हातात फक्त तिचा फ्रॉक राहिला. दोन्ही पाय मातीत! तिनं करडाला कुरवाळलं, उठली आणि शाळेकडं पळत सुटली. मी तिला परत उचलू शकले असते, अप्पा. हे म्हणालेसुद्धा, घे वर. पण ती इतकी आनंदात पळत होती, की मला तिला धरावंसं वाटलं नाही. बाईंनी कागदावर पाऊल घेण्याआधी मीच नळाखाली तिचे पाय धुतले.

आईला सांगू नका. ती कधी तिकडं आली, तरीसुद्धा नका सांगू.