पोचल्याचा फोन

३ ऑक्टोबर, शुक्रवार
उद्या आयझॅकच्या आजीच्या गावी. मधुराला सुट्टी नाही, पण तिचा तीनदा फोन: "बाबा, प्लीज बिहेव्ह." मी काय कुक्कुलं बाळ आहे? त्याच्याशी लग्न ठरवलंय पोरीने, दिवाळीनंतर साखरपुडा. मुलगा चांगला आहे, म्हटलंय ना मी! सुधाने डबाभर चिवडा केलाय.

४ ऑक्टोबर, शनिवार
शिकागोजवळच्या आमच्या नेपरव्हिलहून चार तास ड्राइव्ह, दोन्हीकडे मका. गुलामीतून सुटलेल्या काळ्या लोकांनी स्वतः जमीन घेऊन वसवलेलं गाव. आता वीसेक घरं, चर्च, जुनी शाळा. चर्चसमोर चारपाच माणसं उभी. उतरता उतरता सुधाला म्हणालो, "पर्स डिकीत टाक. या लोकांचा भरवसा नाही." गाडी लॉक करायला रिमोट दोनदा दाबला. आमच्या स्वागताला आलेला आयझॅक शेजारीच, गाडीचं दार धरून. पण मराठीत बोललो ना, मग बिनधास्त. चाळीस वर्षांची सवय, लोकांच्या तोंडावर काहीही बोलायची.

शाळेत आजींनी लहानपणचं सांगितलं. नव्वदीच्या, पण आवाज खणखणीत. शेजारच्या गोऱ्यांच्या गावातून अंधार पडायच्या आत निघावं लागे. आईचा हात धरून जाताना दारांच्या कड्या लागत जायच्या, एकापाठोपाठ एक. "अजून ऐकू येतात," म्हणाल्या. मी बुटांकडे बघत बसलो.

चिवडा संपला.

निघताना आयझॅक खिडकीशी वाकला. "काका, सावकाश जा. पोचलात की फोन करा."

स्वच्छ मराठीत.

५ ऑक्टोबर, रविवार
फोन केला नाही. सुधाने मधुराला केला. ती खिदळतेय: "सरप्राइज! वर्षभर शिकतोय तो. साखरपुड्याला मराठीत बोलणार होता, राहवलं नाही त्याला!" म्हणजे तिला काहीच सांगितलेलं नाही त्याने. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सुधा: "तो गप्प बसला म्हणून तुम्हीही बसणार?"

८ ऑक्टोबर, बुधवार
लाज वाटते. आणि भीती. मधुराला कळलं तर माझं तोंड बघणार नाही ती, ओळखतो मी तिला. हे ओझं त्या पोराने का वाहायचं पण?

जेवण गेलं नाही. शेवटी लावला फोन.

"हॅलो, काका?"

"पोचलो," म्हणालो. चार दिवसांनी!



"आयझॅक, ते पर्सचं... चुकलं माझं. फार चुकलं."

"हो, काका." मग शब्द जुळवत, "मधुराला मी नाही सांगितलं. तुम्ही सांगा."

शनिवारी ती जेवायला येतेय.