व्हार्निशचे दोन हात

प्रिय चिंगे,

फोनवर बोलायचं ते कागदावर लिहितोय, कारण फोनवर तू मध्येच हसतेस आणि मग माझी जीभ रेटत नाही. चार कागद फाडून झाले, हा पाचवा. दत्तक संस्थेने तुम्हा दोघांना मुलगी दाखवली, जावईबापूंनी सहीही केली आणि तू पेन खाली ठेवून घरी आलीस, हे तू सांगून आता तीन आठवडे झाले. महिनाअखेरीला नकार कळवणार म्हणालीस. कारणही सांगितलंस. त्यावर मी काय बोललो? उकाडा फार आहे म्हणालो, जेवलीस का विचारलं आणि फोन ठेवला. तेव्हापासून मला स्वतःची लाज वाटते आहे, आणि ती नुसती त्या फोनची नाही.

बातमी अशी की मी कासव आणलंय. या वयात हे काय खूळ, असं तुझ्या आत्यानेही विचारलं. तिला म्हटलं, सोबत होईल. थाप होती. टाकून दिलेले प्राणी सांभाळणाऱ्या एका संस्थेतून आणलं. जमिनीवरचं आहे, जेवणाच्या ताटलीएवढं, आणि स्वभावाने माझ्यासारखंच, काही विचारलं की मान आत. त्यांनी चार पानांचा फॉर्म भरून घेतला. त्यात एक प्रश्न होता: यापूर्वी कासव पाळलं होतं का? असल्यास त्याचं काय झालं? मी 'नाही' लिहिलं. अक्षर नेहमीसारखं सुरेख आलं. चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्यात, खोटंसुद्धा वळणदार लिहितो.

मग घर बघायला त्यांच्या डॉक्टरबाई आल्या. तुझ्याच वयाच्या असतील. मी मोठ्या ऐटीत माशांची काचेची पेटी आणून ठेवली होती. त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, काका, ह्याला काच दिसतच नाही, दिवसभर डोकं आपटत बसेल. म्हणून जुन्या पाट्यांच्या फळ्या काढून सहा फूट लांब खोका केला, तर त्या वाकून वास घ्यायला लागल्या. आतून रंगाचा थेंब नको! दोन दिवस रंधा मारत बसलो. आयुष्यात पहिल्यांदा मी लाकूड कोरं सोडलं. आता एका टोकाला उबेचा दिवा, त्याच्याशेजारी उन्हासारखे किरण देणारा दुसरा. दुसरं टोक थंड, तिथे लपायला फुटकी कुंडी पालथी घातली आहे. खाली माती आणि नारळाचा काथ्या, चार बोटं. पाण्याची थाळी हनुवटीला लागेल इतकीच. रोज पाला, जास्वंदीची पानं, त्यावर चिमूटभर कॅल्शियमची पूड. दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन. आणि सकाळी तासभर अंगणातलं खरं ऊन, कारण खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हाचा त्याला काही उपयोग नसतो. हे सगळं मी पुठ्ठ्यावर रंगवून वर टांगलंय. बाई हसल्या, पाटीच लावलीत की! जाताना म्हणाल्या, तुमच्यासारखी माणसं मिळत नाहीत हो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गोटू आठवतो ना? कशाला विचारतोय, तू विसरली असतीस तर हे पत्रच लिहावं लागलं नसतं. एका गिऱ्हाइकाने तो मला दिला तेव्हा तू आठ वर्षांची होतीस. तुझ्या वाढदिवसाला मी त्याच्या पाठीवर ऑइलपेंटने पिवळ्या पाकळ्या काढल्या, कडेने लाल रेघ, मधोमध घराचा नंबर, हरवला तर कुणी आणून द्यावा म्हणून. वरून व्हार्निशचे दोन हात. काय चमकायचा! दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मी तो दाखवला. आणि मग मीच हुकूम काढला की त्याला उन्हात न्यायचं नाही, रंग उडतो. पाटीचा रंग उन्हाने उडतो एवढं मला कळत होतं. कासवाचं मला काय कळत होतं? तू दोनदा येऊन सांगितलंस की बाबा, तो सारखा दाराशी जातो, जिथे उन्हाचा पट्टा पडतो तिथे. दुसऱ्यांदा मी दार लावून घेतलं. बाकी त्याचं सगळं तू करायचीस. त्याची जागा धुवायचीस, तो काय खातो ते वहीत लिहायचीस. वर्षभरात त्याचं कवच अंगठा टेकला की दबायला लागलं.

तू शाळेत असताना मी त्याला पिशवीत घालून जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पात्याने थोडा रंग खरवडला आणि सांगितलं की हे कवच म्हणजे जिवंत हाड आहे, त्याला ऊन लागतं. तुम्ही ते रंगाने बंद केलंत आणि वर याला अंधारात ठेवलंत. आता उशीर झाला. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. तिसऱ्या दिवशी गोटू गेला. डॉक्टर काय म्हणाले, तू विचारलंस. आणि मी म्हणालो, कोबी जास्त झाला म्हणाले. तुझ्या ताटातला कोबी तू त्याला द्यायचीस, ते मला माहीत होतं. तू आत गेलीस. वही आणलीस आणि किती वेळा कोबी दिला ते मोजत बसलीस. मी समोर बसून बघत होतो. तुझ्या आईला मी त्याच संध्याकाळी खरं सांगितलं. ती म्हणाली, पोरीला सांगा. मी म्हटलं, विसरेल, पोरं विसरतात. ती जाईपर्यंत आठवण करून देत होती आणि मी बघू, बघू म्हणत होतो. तू नंतर कधी साधं रोपटंही लावलं नाहीस. त्याचीही मी चेष्टा केली. तुझ्या लग्नात सासरच्यांसमोर म्हणालो, हिच्या हातात निवडुंगसुद्धा सुकेल. सगळ्यात मोठ्याने तूच हसलीस.

त्या दिवशी फोनवर तू म्हणालीस, बाबा, माझ्याच्याने एक कासव जगलं नाही, मी कुणाचं मूल काय जगवणार. आणि हसलीस. मी उकाड्याचं बोललो आणि फोन ठेवला. मग कासव आणलं, नीट जगवून तुझ्यासमोर ठेवावं म्हणजे तोंडाने काही सांगावं लागणार नाही. इतका मी भित्रा. गोटूला मी मारलं, चिंगे. कोबीने त्याला काहीही झालं नव्हतं. आठ वर्षांच्या पोरीने करायचं ते सगळं तू केलंस. मी अडवलं नसतं तर त्याला उन्हातही नेलं असतंस. त्या मुलीला हो म्हण नाहीतर नाही म्हण, ते तुम्ही दोघं ठरवा, पण माझ्या खोट्यावर विसंबून नाही म्हणू नकोस. मला माफ कर असं म्हणायचं तोंड मला नाही. एकच कर. हे पत्र जावईबापूंना आणि तुझ्या सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखव. तुझी चेष्टा मी चारचौघांत केली होती, तेव्हा खरं काय तेही त्यांनी ऐकायला हवं.

तुझाच अपराधी,
बाबा